पाहुण्यांचं पाणी

पालथ्या घातलेल्या भांड्यांच्या ढिगावरून कुकरची शिट्टी घसरली आणि फरशीवर टिण्ण करून वाजली. तेवढाच एक आवाज, नाहीतर दुपारचं घर एकदम गप्प होतं. मी होते तशीच थांबले आणि दाराआडून लेकीकडं, रुपाकडं बघितलं. तिनं कूस बदलली, तोंडाशी अंगठा शोधला, तो सापडला, आणि परत झोपली. म्हणजे अजून थोडा वेळ माझा आहे. तेवढ्यात मायच्या माठाची आणि युसूफमामाची गोष्ट लिहून टाकते.

मी हिंगोलीत पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. गावोगावच्या बोअरचं, विहिरीचं पाणी बाटल्यांतून आमच्याकडं येतं. कुणाच्या पाण्यात क्षार जास्त, कुणाच्या पाण्यात फ्लोराइड. लोखंडाचं काम माझ्याकडं. लोक समजतात, लोखंड पाण्यात आहे की नाही एवढंच बघायचं असतं. तसं नसतं. ते कुठल्या रूपात आहे, हे बघावं लागतं.

रुपाला एकदा पाळणाघर बंद होतं म्हणून लॅबमध्ये नेलं होतं. स्टुलावर बसून तिनं विचारलं, "मम्मी, ह्या पाण्यात काय हाय?" मी म्हटलं, लोखंड. तिनं बाटली उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. "दिसून तर न्हाई राहिलं." मग मी तिला सांगितलं, की पाण्यातलं लोखंड लपाछपी खेळतं. जमिनीखाली असतं तोवर ते विरघळलेलं, लपलेलं. पाणी काचेसारखं साफ दिसतं. वर आलं, वारा लागला, की ते गंजतं आणि लाल होऊन बाहेर येतं. मग त्याला कुणीही बघतं.

मोजायची पद्धत सोपी आहे. दोन नळ्यांत तेच पाणी घ्यायचं. दोन्हीत एक औषध टाकायचं. ते औषध लपलेल्या लोखंडालाच ओळखतं आणि नारिंगी रंग देतं. गंजलेल्याला ते विचारतसुद्धा नाही. दुसऱ्या नळीत त्याच्या आधी अजून एक औषध घालायचं, ते गंजलेल्याला परत विरघळवतं. म्हणजे त्या नळीत सगळ्या लोखंडाचा मिळून रंग येतो. पहिल्या नळीपेक्षा दुसरी जितकी गडद, तितका गंज. माझ्या नोकरीतला हा सगळ्यांत आवडता भाग. रंग हळूहळू चढतो, जसं आवडतं माणूस लांबून ओळखू यायला लागतं.

तर होळीच्या सुमाराला रुपाला कांजिण्या आल्या आणि मी घरी राहिले. ती बरी झाली, मी कामावर गेले, त्याच दिवशी युसूफमामाचा फोन आला.

युसूफमामा माझ्या माहेरचा. कुरुंद्याच्या पुढं आत आमचं गाव. तो गावचं पाणी सोडतो, वॉल्व्हची चावी त्याच्याकडं असते, मोटरी दुरुस्त करतो. नात्यानं मामा नाही, गावानं मामा. बारावीच्या परीक्षेला वसमतला रोज त्याच्या लुनावर मागं बसून मी गेले होते.

"जयभीम बेटा. लॅबात हाईस का?"

"सलाम मामा. लॅबातच. बोला की."

त्याचा आवाज नेहमीसारखा मोकळा नव्हता, म्हणून मी खुर्ची सोडून बाहेर व्हरांड्यात आले.

"तुमच्या तिथून कागद आला," तो म्हणाला. "बोअरच्या पाण्यात लोखंड न्हाई म्हणते. पाणी पास."

"मग चांगलंच झालं की."

"काय चांगलं, पोरी? टाकीत तर लाल येऊन राहिलं. बोअरात लोखंड न्हाई, टाकीत हाय, मग मधी कोण? मधी माझा पाइप, मीच बोअरमधी सोडलेला. नरसिंग सगळ्या गावाला सांगत फिरून राहिला, की युसूफनं नव्याच्या नावानं भंगारातला पाइप घातला. सोमवारी ग्रामसभा हाय. चावी काढून घेणार म्हणे."

"पाइप नवाच होता ना, मामा?"

तोंडातून गेलं. "तू पन इचार बाई," तो म्हणाला. रागानं नाही, थकल्यासारखं. "नवाच व्हता. चावी गेली तर जाऊ दे, दुसरं काम करीन. पन पानी पेताना लोक माझं नाव घेतील, ते आयकून जगायचं कसं?"

ते पाणी मी घरी असताना लॅबमधल्या दुसऱ्या कुणीतरी तपासलं होतं. पण बाटलीत थोडं उरलेलं फळीवर होतं. मी ती खाली काढली. दोन नळ्या लावल्या. पहिलीत रंगाचं नावच नाही. दुसरीत अगदी पुसट, नारिंगीची साल पाण्यातून काढून घ्यावी तसा. म्हणजे होतं ते किंचित लोखंड सगळं गंजलेलं. बाटली फळीवर पडून राहिली होती, त्यात एवढं नवल नव्हतं. पण एकूणच एवढं कमी? माझ्या लहानपणी शाळेचा पांढरा शर्ट दोन धुण्यांत बिस्किटाच्या रंगाचा करणारं पाणी ते. गेलं कुठं लोखंड?

झाकण लावता लावता मी बाटली नाकाशी नेली. आणि मला एकदम माझ्या माहेरचं स्वयंपाकघर आठवलं. बाटलीला वाळ्याचा वास येत होता. बोअरमध्ये कुणी वाळा टाकत नाही.

मी मायला फोन लावला.

माझी माय मिराबाई गावच्या पाणी समितीवर आहे. बायकांचं प्रशिक्षण झालं तेव्हा पहिल्या रांगेत बसली होती. त्याचा फोटो कपाटाच्या काचेला चिकटवून ठेवलाय.

"माय, लॅबला बाटली कुणी भरून दिली होती?"

"मीच की. काहून?"

"कुठून भरली?"

"कुठून म्हंजे? माठातून."

मी कपाळाला हात लावला. "तुला शिकवलं होतं ना, मोटर चालू करायची, पाणी वाहू द्यायचं, मग बोअरच्या तोंडाशी बाटली भरायची म्हणून?"

"शिकवलं व्हतं. मी काय इसरले का? पन ग्रामसेवक म्हणले, बाटली हिंगोलीला जाणार. हिंगोलीला म्हंजे तुह्या टेबलावर. तिथं चार मानसं बघणार, म्हणणार, ही संगिता, अन् हिच्या माहेराचं पानी हे असं लालभडक. मी रातभर निवळू दिलं, दुपदरी फडक्यानं गाळलं, वाळा टाकला. एक नंबर पानी पाठवलं तुला."

आमच्या गावात ही रीत आहे. बोअरच्या पाण्यात चहा केला की काळा पडतो, शाईसारखा. म्हणून मुलगी बघायला कुणी येणार असलं की आदल्या रात्रीच वेगळा माठ भरून ठेवायचा, सकाळी वरचं निवळ गाळून घ्यायचं. त्याला पाहुण्यांचं पाणी म्हणतात. मला बघायला आले तेव्हा भीमराजनं त्याच पाण्याचा चहा पिऊन होकार दिला. पुढं सासुरवाडीला मुक्कामी राहिला आणि खरा चहा समोर आला, तेव्हा म्हणाला होता, "माझी फसवणूक झालेली हाय, पन आता काय उपेग."

मायनं बाटलीलाच पाहुणी करून पाठवलं होतं. मला हसूच आलं. मग युसूफमामाचा आवाज आठवला.

"माय, तुझ्या एक नंबर पाण्यात लोखंड उरलंच नव्हतं. म्हणून कागदावर बोअर साफ ठरली. आणि बोअर साफ म्हणून पाइप खराब ठरला."

तिकडं कोंबडी ओरडली.

"म्हंजे युसूफभाऊला जे बोलून राहिले ते माह्या माठामुळं?"

"माठामुळंच असं नाही म्हणत. पाइपही खराब असू शकतो. परत बघावं लागंल, नीट."

"ये मग," माय म्हणाली. "उद्याच ये. मला रातीला जेवन जायचं न्हाई."

आमच्या लॅबच्या मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या वाळ्याचा वास घेऊन आधी हसल्या, मग म्हणाल्या, जागेवरच कर, बाटलीत भरून आणशील तोवर अर्धं गंजेल. नळ्या-औषधांची पेटी घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. भीमराज गाडी चालवत, मध्ये रुपा, मागं मी मांडीवर पेटी घेऊन. कळमनुरी मागं गेली, वारंगा फाट्याला थांबून रुपाला भजी घेतली. ती म्हणाली, "पेटीतल्या नळ्यांना भूक लागली असंल." फाट्यापासून पुढं अंगणाअंगणात हळद वाळत पडली होती. शिजल्या हळदीचा तो ओला, मातीचा वास सगळ्या वाटेनं बरोबर आला. भीमराज आरशातून मला म्हणाला, "आन् पाइपच खराब निघाला तर?"

"तर तसं सांगणार."

"मामाला?"

"सगळ्यांना."

त्यानं पुढं विचारलं नाही. त्याचा हा गुण मला आवडतो.

बोअरपाशी मायनं माणसं आधीच जमवलेली. युसूफमामा धुतलेला शर्ट घालून बाजूला उभा, कंबरेला चावी. त्याची बायको कनीजमामी थोडी मागं, पदर दातात धरून. आणि ओट्यावर पाइपावरून गावभर बोलणारे नरसिंगकाका, हळदीनं हात कोपरापर्यंत पिवळे.

"ये संगिता," काका म्हणाले. "मामाला सोडवायला आली व्हय?"

"न्हाई काका. पाणी बघायला."

"त्याची भाची तू, अन् निवाडा पन तूच. बराबर हाय."

"म्हणून तर इथं करते. तुमच्यापुढं. नळ्या तुमीच धरा."

काका जरा गडबडले. पण सगळे बघत होते, म्हणून उठून आले.

मी पेटी उघडायच्या आधी माय पुढं झाली. लग्नातलं निळं लुगडं नेसली होती ती. मला वाटलं, आधीच्या कागदाचं मीच काहीतरी सांगून टाकावं, तिला कशाला मध्ये घ्यायचं. पण तिनं मला हातानं मागं सारलं.

"आयका," ती म्हणाली. "ह्याच्या आधी जो कागद आला, तो बोअरचा न्हाई. तो माह्या माठाचा हाय. मी गाळून, निवळून पाठवलं. लेकीच्या टेबलावर लाल पानी जाऊ नये म्हणून. युसूफभाऊचा त्यात काई दोष न्हाई. दोष माहा हाय."

बायकांतून एक आवाज आला, "बाटलीला नथ पन घालायची व्हती, मिराबाई." सगळ्या बायका हसल्या. माय पण हसली, डोळे पुसत. युसूफमामा हसला नाही. त्याचं लक्ष मोटरीकडं होतं.

त्यानं बटण दाबलं. पहिलं पाणी आलं ते तांबूस, गढूळ.

"घ्या," काका म्हणाले. "गंज. मी म्हणत व्हतो का न्हाई?"

"ते रात्रभर पाइपात थांबलेलं पाणी आहे, काका. वाहू द्या थोडं."

पाणी वाहत राहिलं, चारीतून शेजारच्या वावरात गेलं. रुपा चारीच्या कडेनं तिच्या भज्याचा कागद सोडून त्याच्यामागं पळत होती. हळूहळू धार निवळली. शेवटी इतकी साफ झाली, की खालचा खडा मोजता यावा.

काकांनी वाकून बघितलं, मग माझ्याकडं. "आता तर साफ हाय. म्हंजे बोअरमधी कायच न्हाई. जे हाय ते पाइपाच्या अंगाला."

माणसांत कुजबुज झाली. वरवर बघितलं तर ते म्हणत होते ते अगदी पटण्यासारखं होतं. मामानं कंबरेची चावी काढून हातात घेतली. द्यायलाच घेतल्यासारखी. नळीत काय दिसणार हे मलाही ठाऊक नव्हतं. पहिल्या नळीत रंग आला नसता तर मला तिथंच, त्याच्या तोंडावर, सांगावं लागलं असतं.

मी धारेखालून पाणी घेतलं, वारा लागू न देता. दोन्ही नळ्या खुणेपर्यंत भरल्या. दुसरीत आधी गंज विरघळवणारं औषध घातलं. मग दोन्हीत रंगाचं.

"धरा, काका. उजेडाकडं."

काका दोन बोटांत एक एक नळी धरून उभे राहिले, गळ्यात हार पडायची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखे.

"आता?"

"आता थांबायचं."

"पिवळं होऊन राहिलं."

"काका, पाण्याचा रंग बघा," भीमराज म्हणाला. "बोटाचा न्हाई."

पिवळं झालं, मग केशरी, मग पिकल्या संत्र्यासारखं. दोन्ही नळ्यांत. मी जवळ गेले, पाठीमागं पांढरा कागद धरला. एकीपेक्षा दुसरी गडद आहे का बघितलं. परत बघितलं. दोन्ही सारख्याच. मी कागद खाली घेतला.

"बोल की," काका म्हणाले. "काय झालं?"

"हे जे साफ दिसत होतं ना पाणी, त्यातच लोखंड आहे," मी म्हटलं. "भरपूर आहे. पण विरघळलेलं. पाइपाचा गंज असता तर ह्या पहिल्या नळीत रंग आला नसता, दुसरीत आला असता. आणि एवढं पाणी सोडल्यावर तो कमी झाला असता. हे खालून, खडकातून येतंय. टाकीत पडल्यावर वारा लागतो आणि मग लाल होतं. पहिल्या पाण्यात थोडा गंज पाइपाचाही असंल, लोखंडाला तेवढा गंज असतोच. पण तुमची टाकी लाल होते ती पाइपामुळं नाही."

"म्हंजे पाइप नवा व्हता?" मागून कुणीतरी विचारलं.

"नवा की जुना ते मला पाण्यावरून सांगता येत नाही. लाल रंग पाइपाचा नाही, एवढं सांगता येतं."

युसूफमामानं मान हलवली. त्याला तेवढंच पुरेसं होतं असं वाटलं. त्यानं चावी परत कंबरेला अडकवली आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. कनीजमामीनं पदर दातातून सोडला.

"मग पाइप बदलून काय उपेग न्हाई," काका म्हणाले, स्वतःशीच बोलल्यासारखं.

"कायच न्हाई. त्यापेक्षा टाकीत पडायच्या आधी पाणी खडीवरून पडू द्यायचं. वारा लागला, की लोखंड बाहेर येतं. मग ते वाळूतून गाळून घ्यायचं."

माय कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग मी घरी काय करते?"

"तेच करतेस, माय. फक्त बाटली भरायच्या आधी करू नको."

नरसिंगकाकांनी नळ्या अजून हातात धरल्या होत्या. त्यांनी एकदा ह्या नळीकडं, एकदा त्या नळीकडं बघितलं. मग त्या सांभाळून माझ्या पेटीत ठेवल्या, लेकराला पाळण्यात ठेवावं तशा. आणि वर न बघताच म्हणाले, "युसूफ, माझ्या मळ्यातली मोटर गरम होऊन राहिली. कवा येतूस?"

"उद्या येतो," मामा म्हणाला.

बस, एवढंच. माणसं पांगली. मला वाटलं होतं काहीतरी अजून होईल, कुणी काही बोलेल. पण लोक हळद पसरवायला गेले. मामाच्या चेहऱ्यावर मात्र आता जुना मामा आला होता. त्यानं रुपाला खांद्यावर घेतलं आणि घराकडं निघताना सगळ्या वाटेनं तिला मोटर कशी पाणी ओढते ते सांगत राहिला. ती त्याच्या केसांना धरून सगळं ऐकत होती. तिला एका नळीत उरलेलं केशरी पाणी बूच लावून दिलं होतं मी, ते ती मधूनमधून उन्हाकडं धरायची.

कनीजमामीनं शेवयांची खीर केली होती. जावई म्हणून भीमराजला दोनदा वाढली, तिसऱ्यांदा त्यानं ताट उचलून पळ काढला. मायची आणि मामीची चुलीपाशी खूप वेळ कुजबुज चालली होती. मध्येच मामीचं हसणं ऐकू आलं. मी गेले तर दोघी गप्प झाल्या, म्हणून परत आले. काय बोलल्या ते मला अजून कळलं नाही, आणि कळायला पाहिजेच असंही नाही.

ऊन उतरायला लागलं तसे आम्ही निघालो. मामानं पेटी स्वतःच गाडीला बांधायला घेतली. "नळ्या फुटायच्या न्हाईत," म्हणाला, "मी पाइप बांधून राहिलो का नळ्या, मला फरक न्हाई पडत." भीमराज हसला. मी रुपाला टोपी घालत होते. ती हातातल्या केशरी नळीतून मामाकडं बघत होती, एक डोळा मिटून.

"मम्मी," ती म्हणाली, "हे केशरी झालं तवा तुला कळलं ना, युसूफआबा खरं बोलून राहिले म्हणून?"

"हो."

"आन् केशरी व्हायच्या आधी?"

मामाचे हात दोरीच्या गाठीवर थांबले. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. गाठ तर कधीच बसली होती, तरी तो ती अजून दाबत होता. मी टोपीचा बंद रुपाच्या हनुवटीखाली बांधायला घेतला, सोडला, परत बांधला. ती वाट बघत होती.